गुडघ्यावरचं बियाणं

कबड्डीत चढाई करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तशाच एका चढाईत उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. बेळगावात ऑपरेशन झालं. मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून त्या जागी बसवली. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "रोज पाय सरळ करायचा. आखडला तर पुन्हा ऑपरेशन, आणि हा मोसम विसरायचा." मोसम गेला की संघातली जागाही गेली, हे त्यांनी वेगळं सांगायची गरज नव्हती.

गुंदजवळच्या खेड्यात, आमच्या घरी दुखऱ्या पायाला एकच उपाय माहीत, तो हलवायचा नाही. पोचल्या पोचल्या बाबांनी गुडघा जरासा वाकवून बांबूच्या कामट्या बांधल्या. तसा तो दुखायचा थांबला, म्हणून डॉक्टरांचं बजावणं विसरून मीही खुशीत. कधीतरी रेंज मिळाली तेव्हा बेळगावच्या दवाखान्यातल्या, व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओबाईंना फोनवर ऐटीत सांगितलं, आराम चाललाय. "पाय लांब करा आणि गुडघ्याखाली हात घालून बघा," त्या म्हणाल्या. कामट्या सोडल्या. खालून माझी मूठ आरपार गेली, म्हणजे पाय आखडला होता. तपासणी पुढल्याच आठवड्यात होती.

टाच उशीवर आणि गुडघ्यावर वजन, असं त्यांनी सांगितलं होतं. दगड ठेवले, ते घरंगळले. मी आईवर खेकसलो, बाबांवरही खेकसलो. आईनं माळ्यावरून भाताच्या बियाण्याची मुडी उतरवली, गवतात घट्ट आवळलेली.

"त्येला पाय लावू नये," बाबा म्हणाले. "पाय लागल्यालं बी कोन पेरतंय?"

"घरात जड आन मऊ एवढंच हाय." तिनं मुडीला हात लावून कपाळाला नेला, आणि मुडी गुडघ्यावर ठेवली.

रोज मुडी ठेवली की दुखण्यानं डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बाबा तोंड फिरवून अंगणात बसत. बियाण्याची एवढी काळजी आणि पोटच्या पोराची नाही, या विचारानं मी आतल्या आत जळत होतो. मुठीची जागा बोटांपुरती उरली, पण ती काही मिटेना.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आईनं गुडघ्याखाली बोट सरकवून पाहिलं.

"बोट न्हाई जात," ती म्हणाली. पाय सरळ झाला होता. मी रडलो.

बाबा उठून आत आले. माझ्या गुडघ्यावरची मुडी उचलून त्यांनी डोक्यावर घेतली आणि ते खाली रोपांसाठी नांगरून ठेवलेल्या वाफ्याकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मुडीचं नुसतं गवत होतं.