‘कॉटमध्ये झोपला’ असं मी लिहायचे

माझा नातू साडेपाच महिन्यांचा असताना मी दीड महिना रोज त्याच्याबद्दल खोटं लिहीत होते. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. तेही सुवाच्य अक्षरात, कारण अक्षराचा मला फार अभिमान आहे.

माझी सून पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरी करते. परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी आणि कागदपत्रं तिच्याकडे असतात. बाळंतपणाची रजा संपली ती नेमकी जानेवारीत, सीझन तोंडावर आलेला असताना. सकाळी आठला आडगाव नाक्यावर तिची गाडी यायची आणि संध्याकाळी साडेसातशिवाय ती घरात पाऊल टाकत नसे. मुलगा सातपूरला कारखान्यात. दिवसभर घरात मी आणि बाळ.

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते. पेठच्या डोंगरातले पाडे मी पायी पालथे घातलेत, शेकडो बाळं तराजूत घालून उतरवलीत. त्यामुळे बाळांचं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज होता आणि घरात तो सगळ्यांनी मान्य केलेला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मिस्टर त्याच्या आदल्या वर्षी गेले. फोन वाजला तर बँकेचा किंवा विम्याचा. हे सांगते ते सबब म्हणून नाही, पण सांगितलं पाहिजे.

कामावर जायच्या आदल्या रविवारी सुनेने मला कॉटजवळ बोलावलं. पांढरा लाकडी कॉट, आत घट्ट सपाट गादी, उशी नाही, खेळणं नाही. डॉक्टरांनी तिला तसंच सांगितलं होतं.

“आई, त्याला पूर्ण झोपवून ठेवायचं नाही,” ती म्हणाली. “डोळे जड झाले की जागा असतानाच ठेवायचं, पाठीवर. छातीवर हात ठेवायचा, हळूहळू थोपटायचं. रडला तरी लगेच उचलायचं नाही, जवळ बसून थोपटत राहायचं. त्याचा तो झोपायला शिकेल.”

मी “बरं” म्हटलं. मनात म्हटलं, आमची पोरं काय जागीच वाढली की काय.

तिने एक वहीही केली होती. चार रकाने आखलेले: कधी ठेवलं, कधी झोपला, कधी उठला, कुठे झोपला. शेवटच्या रकान्यात कॉट, मांडी किंवा कडेवर, जे असेल ते लिहायचं. “मांडीवर झोपला तरी चालेल, फक्त मला कळू द्या,” असंही ती म्हणाली होती. हे वाक्य मी पुढे फार दिवस सोयीस्करपणे विसरले.

पहिल्या दिवशी मी तिच्या सांगण्याप्रमाणे पडदे ओढले, बाळाला कॉटमध्ये ठेवलं, छातीवर हात ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि भोकाड पसरलं. मिनिटभरही झालं नसेल, मी त्याला उचललं. दिवाणावर भिंतीला टेकून बसले, मांडीवर घेतलं, मांडी हलवली. पाचव्या मिनिटाला तो गाढ झोपला आणि दीड तास उठला नाही. त्याचं जावळ घामाने ओलं झालं होतं, मूठ माझ्या पदरात अडकली होती. त्या दीड तासात मी काही केलं नाही आणि मला काही करायचंही नव्हतं. कितीतरी महिन्यांनी माझी दुपार भरलेली होती.

तो उठल्यावर वही उघडली. पहिले तीन रकाने खरे भरले. चौथ्यापाशी पेन थांबलं. पहिलाच दिवस, तिला कामावर कशाला घोर, असं स्वतःला समजावलं आणि ‘कॉट’ लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मागे पेट्यांना चिकटपट्टी लावल्याचा चर्र चर्र आवाज.

“झोपला?”

“झोपला की.”

“कॉटमध्ये?”

“हो.”

ती इतकी मोकळी हसली की मलाच बरं वाटलं. “आई, तुम्ही ग्रेट आहात,” म्हणाली. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मी कॉटचा प्रयत्नच केला नाही. मला ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं आणि बाळ मांडीवर हवं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एका खोट्यात बसत होत्या. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. मी रेटलं.

रात्री तो अंगावर पिता पिताच झोपून जायचा, त्यामुळे अडचण होती ती रविवारच्या दिवसाची. रविवारी सून घरी असायची आणि बाळाला झोपवायची वेळ झाली की वहीतल्यासारखं सगळं करायची. पडदे, पाठीवर ठेवणं, छातीवर हात. बाळ रडून लालबुंद व्हायचं. ते बिचारं काय करणार, त्याला मांडी ठाऊक, कॉट त्याने फक्त बाहेरून पाहिलेला. अर्धा तास, पाऊण तास ती थोपटत राहायची. मग ती हरायची आणि त्याला छातीशी धरून खोलीत येरझाऱ्या घालायची.

“आईकडे तर लगेच झोपतो,” मुलगा एकदा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला. “तू काय वेगळं करतेस?”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खरोखर उत्तर हवं होतं. आणि मी ते दिलं. “तुझ्या हाताला घाई असते गं,” मी म्हणाले. “बाळाला कळतं ते.”

आयुष्यात मी पुष्कळांना पुष्कळ लागेल असं बोलले असेन, पण त्यातलं बरंचसं निदान खरं होतं. हे वाक्य आठवलं की आजही मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

तेवढ्यावर मी थांबले नाही. “दे इकडे, तू बाहेर थांब, तुझा वास आला की तो जागा राहतो,” असं म्हणून त्याला खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मांडीवर हलवून गाढ झोपवला, मग अलगद कॉटमध्ये ठेवला आणि बाहेर आले. ती दाराशीच उभी होती. आत डोकावून तिने कॉटमधलं बाळ पाहिलं.

“कसं केलंत?”

“काही नाही, नुसता हात ठेवला.”

तिने मान हलवली आणि स्वतःच्या तळहाताकडे बघितलं.

नोकरीत असताना एका पाड्यावरच्या सेविकेला मी बायकांसमोर झापलं होतं. महिन्याभरातली सगळी वजनं तिने एकाच बैठकीत, एकाच शाईने भरली होती. बाळ तराजूत न घालता वजन लिहितेस, लाज वाटते का, असं मी तिला विचारलं होतं. तराजूचा काटा मोडलाय, असं ती सांगत होती, ते मी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. फेब्रुवारीतल्या एका दुपारी वही राहून गेली म्हणून मी चार दिवसांचे रकाने एकदम भरायला बसले. ‘कॉट, कॉट, कॉट’ लिहिताना ती बाई आठवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तरीही मी चारही दिवस भरले. मगच वही मिटली.

आमच्याकडे भांड्याला एक मावशी येतात, अकराच्या सुमाराला. बाळ माझ्या मांडीवर असायचं तेव्हाच. एक दिवस ओट्यावरून फडकं फिरवता फिरवता त्या हळूच म्हणाल्या, “बाई, काल ताई मला खाली गेटपाशी भेटल्या. इचारत होत्या, बाळ खरंच कॉटमधी झोपतं का म्हून.”

“मग?”

“मी म्हनलं हो, रोज तितंच झोपतं. तुमचं नाव कशाला खराब करू.” आणि त्या समाधानाने हसल्या. “पण ताईचं तोंड लय उतरलं हां. मला वाटलं खुश होतील.”

खुश कशी होईल. तिला कुणीतरी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. एवढं एक ‘नाही’ मिळालं असतं तर ती स्वतःला दोष देणं थांबवणार होती, आणि माझ्यामुळे तेही तिला मिळालं नाही. आता माझ्यापायी दुसरी बाईसुद्धा खोटं बोलली होती. तरी मी आणखी तीन दिवस गप्प राहिले, हेही लिहून ठेवते.

रविवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. मुलगा बाळाला घेऊन खाली गेला होता. सून म्हणाली, “आई, मी उद्या सरांना सांगणार आहे. सीझन संपेपर्यंत करते आणि मग सोडते.”

“नोकरी?”

“हो.” ती खाली बघूनच बोलत होती. “त्याला माझा हातच परका झालाय. तुमच्याकडे कॉटमध्ये झोपतो, माझ्याकडे नुसता आक्रोश करतो. मावशीही तेच म्हणाल्या. मला आईपण जमत नाहीये. घरी राहिले तर निदान शिकेन.”

नऊ वर्षांची नोकरी होती ती. हेल्परपासून चढत चढत ती त्या टेबलापर्यंत पोचली होती.

“तो कॉटमध्ये झोपत नाही,” मी म्हणाले. “मी त्याला मांडीवर झोपवते. पहिल्या दिवसापासून.”

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. “कधीच नाही?”

“एकदाही नाही.”

“त्या दिवशी दार लावून घेतलंत, तेव्हा?”

“मांडीवर झोपवून मग ठेवला.”

“आणि मी कॉटपाशी रडत बसायचे तेव्हा तुम्ही दारात उभ्या असायचात.”

“हो.”

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मी काहीतरी बोलले असते, वयाचं, प्रेमाचं. तिने जुडी पुन्हा सोडवली आणि एकेक पान खुडत राहिली. सगळी मेथी निवडून झाल्यावर म्हणाली, “यांना मी नाही सांगणार. तुम्ही सांगा.”

मी त्याच संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो हसला. “आई, तू पण ना,” म्हणाला. ते हसू मला झोंबलं, कारण तसंच हसण्यावारी न्यावं असं मलाही आतून वाटत होतं. सून हसली नाही. मग मी मुलाला गप्प केलं आणि तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं, हाताच्या घाईच्या वाक्यासकट.

तिने राजीनामा दिला नाही. ऐन सीझनमध्ये कशीबशी चार दिवसांची रजा काढली आणि बाळाला कॉटची सवय लावली. मी हॉलमध्ये बसून ऐकत होते. पहिल्या दिवशी तो चाळीस मिनिटं रडला, आणि तेवढा वेळ आतून तिचाही आवाज येत होता, न थांबता, न चिडता. “आहे ना रे, इथेच आहे.” दुसऱ्या दिवशी अर्धा तास. चौथ्या दिवशी थोडं कुरकुरला आणि गप्प झाला. तिच्या हाताला कसलीही घाई नव्हती. घाई मला होती, त्याला उचलायची.

शेवटच्या दिवशी तिने मला स्टुलावर बसवलं आणि माझा हात धरून बाळाच्या छातीवर कुठे ठेवायचा ते दाखवलं. मी शिकाऊ सेविकेसारखी शिकले. आठवड्याभरात तो माझ्याकडेही कॉटमध्ये झोपू लागला, सहज. त्याला माझी मांडी लागतच नव्हती. ती मला लागत होती, आणि एवढ्यासाठी मी एका मुलीला स्वतःच्या लेकरापुढे नालायक ठरवलं होतं.

ती माझ्याशी तुटक वागली नाही. चहा पूर्वीसारखाच दोघींचा करते. फक्त कामावरून फोन आला आणि मी “झोपला” म्हटलं की पूर्वी “बरं” म्हणायची, ते आता म्हणत नाही. “फोटो टाका हं, आई,” म्हणते. अगदी नीट, आदराने. मी रोज कॉटमधल्या बाळाचा फोटो काढून पाठवते. दर वेळी मान खाली जाते आणि मी ते बरोबरच समजते.

एप्रिलच्या सुरुवातीला बाळाला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, आडवं ठेवलं की श्वास अडून उठायचा. स्टुलावर बसून मी पाऊण तास थोपटलं. मग त्याला उचललं आणि दिवाणावर घेऊन बसले. तो मांडीवर झोपला. एका हाताने फोन वर धरून फोटो काढला. त्यात माझं लुगडं आलं, गुडघा आला आणि त्याचं उघडं तोंड आलं. तसाच पाठवला, खाली काही न लिहिता.

दोन खुणा निळ्या झाल्या. मग आलं, “झोपू द्या तसंच.” आणि लगेच दुसरं, “पाणी जवळ आहे का?”

पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात होता आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. मी सवयीने ‘हो’ लिहिलं. मग ते पुसलं आणि ‘नाही’ लिहून पाठवलं.