चपला बाहेर काढाव्यात

मुरबाडच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोक मला 'चालवणाऱ्या मॅडम' म्हणतात. म्हातारी माणसं का पडतात ते शोधायचं आणि त्यांना पुन्हा धड चालतं करायचं, हे माझं काम.

एकदा वैशाखरे गावची एक आजी आली. घरी एकटीच राहायची आणि हल्ली अंगणात सारखी पडायची. कल्याणला नोकरी करणारा मुलगा बरोबर होता.

"मॅडम, आजच काय ते सांगा. आईला एकटं ठेवण्यासारखं नसेल तर रविवारी टेम्पो आणून फ्लॅटवर नेतो."

"आन् बकऱ्या? गॅलरीत बांधू?" आजी म्हणाली. डोळे मात्र भरले होते.

मी तिला खुर्चीत बसवलं. "उठा, त्या लाल पट्टीपर्यंत चाला आणि परत येऊन बसा."

"तिथं काय हाय?"

"काही नाही."

"मंग जाऊ कशाला?"

मुलाने डोळे वटारले, तशी ती ताडताड गेली आणि आली. मग पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटायचे म्हटल्यावर तिने हात जोडले आणि देवाला साकडं घातलं. मी खांद्याला हळूच धक्का देऊन पाहिला.

"ढकलतेस कशाला गो? देवाशी बोलतंय ना मी!"

बाई जागची हलली नाही. बीपी, नजर, तळपाय, सगळं ठीक. "मग पडते कशी?" मुलगा वैतागला. मला उत्तर देता येईना, आणि मला उत्तर न येणं अजिबात सहन होत नाही.

मुलगा गाडी काढायला गेला. आजीला सोडायला मी दारापर्यंत आले. 'चपला बाहेर काढाव्यात' ही तिथली पाटी माझीच. आजीने बाहेर ठेवलेल्या सँडल घातल्या. जाड, गुबगुबीत, मापाला चांगल्याच मोठ्या. पहिल्याच पायरीवर तिचा झोक गेला. मी धरलं म्हणून वाचली. म्हणजे इतकी वर्षं मी अख्खा तालुका अनवाणी तपासत होते!

"आजी, ह्या टाकून द्या. ह्यांच्यामुळेच पडताय."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "त्याला नको सांगू गो. बोनसमधून आणल्यात त्यानं. वाईट वाटंल."

राहतं घर सुटायची वेळ आली होती आणि बाईला काळजी पोराच्या मनाची! मला रागही आला आणि गहिवरूनही आलं.

मुलाला मी सांगितलं, "टेम्पो रद्द करा, आजी ठणठणीत आहेत. फक्त पायाला पकड यायला हवी, म्हणून रोज जुन्या पट्ट्याच्या चपला. औषध समजा."

"आणि नव्या सँडल?"

"त्या लग्नाकार्याला."

पुढच्या महिन्यात आजी एसटीने एकटीच आली. पायात जुन्या चपला, चाल झपझप, काखेत प्लास्टिकची पिशवी. पडली का विचारलं, तर म्हणाली, "नाय बा." दाराशी चपला काढल्या, पिशवी मात्र आत आणून माझ्या खुर्चीवर ठेवली. आत सँडल होत्या.

"घालत नाय, पन संगं घेऊनच फिरते. ह्या बाहेर नाय ठेवायच्या. पोरानं आणल्यात."

पाटी माझीच होती, पण मी खुर्ची सँडलना सोडून स्टुलावर बसले.