ग्रासिंदाची मान

ग्रासिंदाला त्या दिवशी खरं तर फक्त झोपायचं होतं. वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून ती तशीच मैदानावर आली होती. म्हातारी माणसं उचलून बिछान्यातून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीत न्यायची, हे तिचं काम. संध्याकाळी त्याच खांद्यांनी ती रग्बी खेळायची. वीस वर्षं हेच चाललं होतं. आता चाळिशी दारात उभी होती, उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरायचा आणि संघातल्या पोरी तिला आजी म्हणायच्या.

पुढच्या रांगेत खांदा लावणाऱ्यांकडे तसं कुणाचं लक्ष नसतं. चेंडू घेऊन पळणाऱ्या पोरींचे फोटो छापून येतात. "माझाही आला होता की," ग्रासिंदा सांगायची, "पण मागून. आईने ढुंगणावरून ओळखलं."

त्या वर्षी नवल घडलं. नदीकाठच्या त्या लहानशा गावच्या क्लबने पोर्तुगालची लीग जिंकली. आता दोन देशांच्या विजेत्यांचा अंतिम सामना, आणि समोर स्पेनच्या विजेत्या, बास्क डोंगरातल्या पोरी. हा सामना संपला की बूट कायमचे खुंटीला टांगायचे, असं ग्रासिंदाने ठरवून टाकलं होतं. एकदा विजेत्यांचा कप हातात धरायचा आणि मग झोपायचं, एवढाच तिचा बेत होता.

पण रांगेत तिच्या समोर नेकाने नावाची मुलगी होती. एकोणीस वर्षांची, गोठ्यात वाढलेली, रुंद मानेची पोर. दोन्हीकडच्या आठ-आठ जणी डोकी एकमेकींत अडकवून रेटायला लागल्या की, ही पोर ग्रासिंदाला रिकामं कपाट सरकवावं तशी मागे सारायची. दर वेळी! बरं, खाली पडल्यावर हात देऊन उठवायचीही तीच. ग्रासिंदाचा जीव मेटाकुटीला आला होता.

सामना संपत आला तेव्हा ग्रासिंदाचा संघ दोन गुणांनी पुढे होता, आणि शेवटची रेटारेटी त्यांच्याच रेषेसमोर होणार होती. ही रेटारेटी बास्क पोरींनी जिंकली की कप गेला, हे आंधळ्यालाही दिसत होतं. कर्णधार माफाल्दा पाण्याची बाटली घेऊन ग्रासिंदाजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आजी, मिस्टरांचा निरोप आहे. खाली पड आणि उठू नकोस."

कोचला तिकडे सगळे मिस्टरच म्हणतात.

"उठू नको म्हणजे?"

"मान दुखतेय म्हणायचं. तुझ्या जागेवरची दुसरी पोर मघाशीच लंगडत बाहेर गेली ना? त्या जागेवर खेळायला शिकलेली कुणी उरली नाही की पंच ढकलाढकलीच बंद करतो. नुसतं वाकून उभं राहायचं, आणि चेंडू आत टाकायची पाळी आपली, म्हणजे तो आपलाच."

"अगं, पण मान नाही दुखत माझी. गुडघा दुखतोय."

"गुडघ्याला पंच घाबरत नाही," माफाल्दा म्हणाली. "वीस वर्षं उभी राहिलीस ना? आता जरा आडवी हो."

आडवी हो! हे शब्द ऐकायला ग्रासिंदाचे कान किती वर्षं आसुसले होते. नेकानेचा खांदा लागला, ग्रासिंदाचे पाय घसरले, सगळा ढीग कोसळला. बाकीच्या उठल्या. ती उठली नाही.

गवत गार होतं. लाज वाटायला हवी होती, पण आधी बरंच वाटलं, इतकं बरं की डोळे मिटले. मानेला पट्टा बांधला गेला, स्ट्रेचर आलं. डोळे उघडले तर वर नेकानेचा चेहरा, पांढराफटक. "बोटं हलतायत का? बोटं हलवून दाखवा ना!" ती विचारत राहिली आणि कुणीतरी तिला बाजूला ओढलं.

मग ढकलाढकली बंद झाली आणि ग्रासिंदाचा संघ दोन गुणांनी जिंकला.

सामन्यानंतर यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं आणि समोरासमोर खेळलेल्यांनी शेजारी बसायचं, ही रग्बीतली जुनी रीत. दवाखान्यातून "सगळं ठीक" असं ऐकून ग्रासिंदा क्लबात परतली, तेव्हा कोबीच्या सूपाची वाटी आणि मक्याच्या पावाचा तुकडा तिच्यासाठी झाकून ठेवलेला होता. शेजारी नेकाने होती. तिने स्वयंपाकघरातून गोठवलेल्या मटारची पिशवी मागून आणली, फडक्यात गुंडाळली आणि ग्रासिंदाच्या मानेवर धरली. हात काही काढेना.

"जेव गं," ग्रासिंदा म्हणाली.

"तुम्ही जेवा. मी धरते."

बिअरने भरलेला कप टेबलाभोवती फिरत होता. ग्रासिंदा पावाचा तुकडा नुसताच कुस्करत होती.

"मी रग्बी सोडली," नेकाने अचानक म्हणाली. पोर्तुगीज आणि स्पॅनिश मिसळून त्यांचं चाललं होतं. "आत्ताच आईला फोन करून सांगितलं. आज तुम्ही वाचलात. उद्या माझ्या हातून एखादीची मान मोडली तर? माझ्यात फार जोर आहे, मला कळत नाही किती."

समोरून माफाल्दा बघत होती. तिने हळूच मान हलवली, नाही म्हणून. तेवढ्यात कप ग्रासिंदापुढे आला. वीस वर्षं जो हवा होता तो, दोन्ही बाजूंना कान असलेला, जड. पोरी टेबल बडवायला लागल्या, "आजी! आजी!"

ग्रासिंदाने कपाला हात लावला नाही. मानेवरची पिशवी काढून घेतली आणि आपल्या उजव्या गुडघ्यावर ठेवली.

"इथे दुखतंय," ती मोठ्याने म्हणाली. "मान माझी कधी दुखलीच नाही. मी मुद्दाम पडून राहिले. तू ढकलत होतीस आणि मला थांबवता येत नव्हतं, म्हणून."

टेबल बडवणं थांबलं. माफाल्दाने तोंड फिरवलं.

नेकानेने वाकून त्या गुडघ्याकडे बघितलं. तो खरंच भोपळ्यासारखा सुजला होता.

"आईला परत फोन कर," ग्रासिंदा म्हणाली. "सांग, सोडत नाही म्हणून."

 नेकानेने मटारच्या पिशवीवर आपला रुंद पंजा ठेवला आणि दाबला, चांगलाच जोर लावून.

"दुखतंय?"

"खूप."

"दुखू दे," नेकाने म्हणाली, पण हात तिने काढला नाही.