हॉलमधले आठ हॅलोजन

"माझ्या हातचं काम मी परत उघडून बघत नाही," असं शिवराम खरात एकदा म्हणाला होता. विठ्ठलवाडीच्या बस डेपोसमोर, चहाच्या टपरीवर. कुणा कंत्राटदाराने त्याला त्याच्याच जुन्या वायरिंगवरून एकदा नजर फिरवायला सांगितलं होतं. शिवरामने आवाज चढवला नाही. ग्लास संपवला आणि निघाला. कंत्राटदाराने पुन्हा विचारलं नाही.

शिवराम वायरमन. वय एकसष्ट. वडील अंबरनाथच्या कारखान्यात होते. त्यांनी त्याला तिथल्याच आयटीआयमध्ये घातलं, कारण विजेच्या कामात खांद्यापेक्षा डोकं लागतं असं त्यांचं मत होतं. पुढे उल्हासनगर कॅम्प चारमध्ये घराघरांत फॉल्स सीलिंग आली आणि पाठोपाठ हॅलोजन आले. लोकांना घरातही दुकानासारखा उजेड हवा झाला. सोफ्यावर बसलेला माणूस काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा दिसायला लागला. हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नसतो. बोटाचं तेल काचेला लागतं आणि तापल्यावर काच तिथेच तडकते. म्हणून शिवरामच्या वरच्या खिशात एक धुतलेला रुमाल असे, फक्त बल्बसाठी. घाम पुसायचा वेगळा. मुलगा राजरत्न बदलापूरला राहतो, तो हसतो. म्हणतो, "बाबा, आता एलईडी दाताने धरून लावला तरी चालतो."

लाजवंती सेठाणीच्या चार फ्लॅटचं काम त्या हॅलोजनच्या काळातलं. लाजवंतीला सगळे दादी म्हणतात. सिंधीत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. आता ती ऐंशीची आहे. तळमजल्यावर एकटी राहते, वरचे चारही फ्लॅट भाड्याने देते. अठरा वर्षांत तिच्या इमारतीत शिवरामशिवाय कुणी स्विचचा स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही.

पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यशोधरा राहते. एका हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर काम करते. सोबत आई आहे, गोदूबाई. गुडघे गेलेत. यशोधराला याआधी कॅम्पात तीन घरं दाखवली गेली होती. आडनाव ऐकल्यावर तिन्ही मालकांना गावाहून येणारे नातेवाईक आठवले. दादीने आडनाव विचारलंच नव्हतं. फक्त म्हणाली होती, "घर जैसा दिया वैसा चाहिए."

अकरा महिन्यांचा करार तीस तारखेला संपत होता. बावीस तारखेला, रविवारी सकाळी, दादीने शिवरामला बोलावलं.

यशोधराच्या हॉलमध्ये मधोमध दादीचा घोडा, म्हणजे घडीची शिडी, उभा होता. वर पांढऱ्या छतात आठ दिवे, दोन रांगांत. त्यातल्या पाच दिव्यांभोवती तपकिरी वर्तुळं उमटली होती.

"देख शिवराम," दादी खुर्चीतून म्हणाली. "दूध जैसी छत दी थी मैंने. अब देख, रोटी जैसी जली है."

"दादी, मी दोनच बल्ब बदलले," यशोधरा म्हणाली. "पन्नास वॅटचेच. बॉक्स दाखवला ना तुम्हाला?"

"डिब्बा पचास का. अंदर क्या था, झूलेलाल जाने."

"जास्त वॅटचे लावले असते तर डबा फेकून नसता का दिला? जपून कशाला ठेवला असता?"

"बहुत बोलती है. हॉस्पिटल में भी इतना बोलती है?"

"तिकडे पेशंट बोलतात. मी ऐकते."

दादीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "सुन. ये काम शिवराम का है. शिवराम का काम आज तक जला नहीं. फिर छत किसने जलाई? भूत ने? शिवराम ऊपर देखेगा. तेरी गलती निकली, तो तीस को चाबी दे. गलती नहीं, तो कागज फिर से बना लेंगे. मैं नाइन्साफी नहीं करती."

आतल्या खोलीतून गोदूबाईने विचारलं, "काय म्हणतात गं?"

"काही नाही आई. दिवे बदलतायत."

ते अगदीच खोटं नव्हतं. उकाड्याने जीव जातो म्हणून यशोधराने स्वतः आठ एलईडी आणून ठेवले होते. दादीने ते लावू दिले नव्हते.

शिवरामने मेन बंद केला. घोड्यावर चढला. रुमालाने धरून पहिला बल्ब ओढला, मग भोकातून होल्डर खाली घेतला. होल्डरमागे वायरचा जोड होता. जोडावरची टेप वितळून, वाळून काळ्या पापुद्र्यासारखी झाली होती. बोट लावताच गळून पडली. खाली तांब्याचा पीळ दिसला.

शिवराम डावखुरा आहे. बाकीचे वायरमन तारा उजवीकडे पिळतात, त्याचा पीळ डावीकडे जातो. कॅम्प चारमध्ये तसा पीळ घालणारा दुसरा माणूस त्याला माहीत नव्हता.

त्याने दुसरा दिवा उघडला. तिसरा. मग उरलेलेही. खिडकीकडच्या तीन दिव्यांना काही झालं नव्हतं. त्यांच्या जोडांवर काचेच्या धाग्याची पांढरी नळी होती. हॅलोजनच्या आचेला तीच टिकते. आतल्या पाच जोडांवर ती नव्हती. साधी टेप होती.

मग त्याला ते आठवलं. चेटीचंडचा दिवस होता. सिंध्यांचं नवं वर्ष, कॅम्पातलं एक दुकान उघडं नव्हतं. दादीला दुसऱ्या दिवशी घरात पूजा घालायची होती. काचेची नळी चार फ्लॅटांत वाटून इथे तीन दिव्यांवर संपली. त्याने बाकीचे जोड टेपने बांधले. दुकानं उघडली की बदलू, असं ठरवलं. पण दुकानं उघडली तेव्हा जयंतीला आठवडा उरला होता. वस्तीतल्या विहाराची रोषणाई दरवर्षी शिवरामच करायचा, पैसे न घेता. तो आठवडा माळांत गेला. त्यानंतर दादीच्या छताची आठवण त्याला कधी झाली नाही. इतर तीन फ्लॅटमध्ये पांढरी नळी कुठवर पुरली होती, तेही त्याला आता सांगता आलं असतं.

तो घोड्यावर उभा राहिला. डोकं छताला लागेल इतकं वर. खाली पंखा बंद होता आणि तीन बायका वाट बघत होत्या, त्यातली एक भिंतीपलीकडे.

"बोल," दादी म्हणाली.

"वायर जुनी झालीय, दादी."

"अठारह साल में वायर बूढ़ी हो गई? मैं अस्सी की हूँ, मैं तो नहीं जली."

"बल्बमुळे झालेलं नाही हे."

"फिर किससे हुआ?"

शिवरामने बल्बचा रुमाल घडी करून वरच्या खिशात ठेवला.

"समझ गई मैं," दादी म्हणाली. आवाजात राग नव्हता, निराशा होती. "तू अपने वालों को बचाता है. बचा ले. लेकिन मेरे सामने झूठ मत बोल, इतने साल का रिश्ता है."

ती पाणी मागायला गोदूबाईकडे आत गेली. दोघी म्हाताऱ्यांचं आत काहीतरी सुरू झालं, गुडघ्यांवरून. यशोधरा घोड्याजवळ आली. शिवराम तिच्या आईच्या माहेरच्या ओळखीतला आहे, हे तिला आणि दादीला सकाळीच कळलं होतं.

"काका, जाऊ द्या," ती हळू बोलली. "माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलू नका. त्यांची चार घरं आहेत तुमच्याकडे. मी बघते दुसरीकडे. उपकार झाले तुमचे, एवढं बोललात."

शिवरामने तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. तिला ते पुसायचं सुचलं नव्हतं. ती त्याचे आभार मानत होती, आणि ते खरे होते.

त्याने पक्कड काढली. पहिल्या दिव्याचा जोड दोन्ही बाजूंनी कापला. मग खिडकीकडच्या एका दिव्याचाही कापला. खाली उतरला. दादी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा त्याने दोन्ही तुकडे तिच्या खुर्चीसमोरच्या टीपॉयवर ठेवले.

"हा पांढऱ्या नळीतला. याला काही झालं नाही. आणि हा जळालेला. याच्यावर मी साधी टेप लावली होती."

"तूने?"

"चेटीचंड होता. दुकान बंद. नंतर बदलायचं राहून गेलं."

"झूठ. इस लड़की के लिए बोलता है तू."

"पीळ बघा दादी. दोन्ही डावीकडे जातात. तुमच्या घरात डाव्या हाताचा वायरमन दुसरा कोण आला होता?"

दादीने चष्मा काढला, पुसला, घातला. तुकडे उचलून खिडकीपाशी नेले. तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. धाग्याचा पीळ कुठल्या अंगाचा, हे तिला शिकवावं लागलं नसतं. दोन्ही पीळ नखाने चाचपून पाहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होता, आणि दुसरा त्याला "आने दे, आने दे" म्हणत होता.

"आग लग सकती थी?" तिने न वळता विचारलं.

"हो."

"बाकी तीन घर?"

"तिथेही तसेच जोड आहेत. आज उघडतो. नवीन वायर टाकतो, माझ्याकडून."

दादी वळली. यशोधराला म्हणाली, "कागज शनिवार को बना लेंगे. तेरे वो बल्ब लगवा ले." यशोधरा मान हलवून तशीच उभी राहिली. तिला आनंद झाला असणार, पण तो दाखवायची ही जागा नव्हती.

शिवरामने आधी हॉलचं काम पुरं केलं. आठही हॅलोजन काढले, त्यांचे ट्रान्सफॉर्मर छतातून ओढून बाहेर घेतले, जळालेली वायर कापून नवी टाकली, एलईडी बसवले. पाऊण तास लागला. मेन चालू केला तेव्हा खोलीत पांढरा, थंड उजेड पसरला आणि तपकिरी डाग आणखी स्पष्ट दिसले.

तो घोडा उचलायला वाकला.

"रहने दे," दादी म्हणाली. "ऊपर के घर दूसरा आदमी देखेगा. आज ही बुलाती हूँ."

शिवरामने घोडा सोडला.

यशोधराने मध्ये बोलायला तोंड उघडलं. दादीने हात वर केला. "तू मत बोल. ये हम दोनों का है."

शिवराम खाली बसला. एलईडीचा रिकामा खोका फाडून सरळ केला, कानावरची पेन्सिल काढली. खोक्याच्या करड्या बाजूवर तीन चौकोन काढले, वर फ्लॅटचे नंबर लिहिले. प्रत्येक चौकोनात आठ ठिपके. त्यातले टेपच्या जोडांचे काळे केले. एका फ्लॅटमध्ये बेडरूमच्या दारावर छतात एक जोड पुरलेला होता, तो बाहेरून कुणालाच दिसला नसता. तिथे त्याने फुली मारली आणि भिंतीपासूनचं अंतर इंचात लिहिलं. नव्या माणसाला वाचता यावं म्हणून आकडे मोठे काढले.

तो पुठ्ठा त्याने टीपॉयवर ठेवला. हत्यारं पिशवीत भरली, दारातल्या चपला पायात घातल्या, आणि बाहेर पडला.