डांबराखालचं नाव

ब्रातिस्लाव्हात मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, त्या मार्ताबाईंबरोबर एका रविवारी त्यांच्या आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेले. दगडावर जन्मगावाचं नाव कोरलेलं होतं, नेमकं त्यावरच कुणीतरी डांबर फासलं होतं. 

"याच शहराचं जुनं हंगेरियन नाव आहे, पोझोन्य," मार्ताबाई म्हणाल्या. "इथे पूर्वी हंगेरीचं राज्य होतं, म्हणून काहींना ते खुपतं. आई जर्मन खाटकाशी बोलताना प्रेसबुर्ग म्हणायची, स्लोव्हाक शेजारणीशी ब्रातिस्लाव्हा. आम्हाला निजवताना मात्र पोझोन्य."

पाट्यांना काळं फासणारे आपल्याकडेही मी पाहिले आहेत. पण गेलेल्या बाईच्या तोंडचा शब्द पुसायला कुणी डांबराचा डबा घेऊन इथवर चालत यावं, याची मला शिसारी आली.

मार्ताबाई रुमालाने पुसू लागल्या, तसं डांबर आणखीच पसरलं. शेवटी त्या चिकट अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी मोठ्याने वाचलं, "पोझोन्य!"

वाटेने जाणारा एक नीटनेटका गृहस्थ थबकला आणि आमच्या पायांशी थुंकला.

मी मागे सरकले. मार्ताबाई मात्र उठून उभ्या राहिल्या आणि त्याच्या डोळ्यांत बघत तोच शब्द पुन्हा म्हणाल्या, आणखी मोठ्याने.