सोन्याची फुलं आणि लुटेशियम

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरवर पुण्यात लुटेशियमचं इंजेक्शन दिलं, तेव्हा माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्या गावी, सणसरला आलेली होती. मी बारामतीत रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळं घरच्यांना समजावायचं काम माझ्याकडं.

मी सांगितलं, हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्य. गाठीला जाऊन चिकटतं आणि तिथंच किरणं सोडतं. थोडी अंगाबाहेर येतात. बरंचसं लघवीतून जातं, उरलेलं दर आठवड्याला निम्म्याहून कमी होतं. तोवर पोटुशीनं लांब राहायचं.

आबा उसातल्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत राहायला गेले. बायकोनं त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलं, विटाळ पाळावा तसं.

"रातीला चमकतो का रं मी? बॅटरी तरी वाचंल," ते लांबूनच ओरडायचे. लेक हसायची.

पुढं तपासणीला डॉक्टर म्हणाले, "आता काही बंधन नाही." आबा तेव्हा बाहेर बाकावर होते. घरी बाळ यायचंय, चार दिवस जास्त पाळले तर काय बिघडतं, असं मनाशी म्हणत मी ते आबांना सांगितलंच नाही.

नातू झाला. आपल्याकडं पणतू झाला की त्याला पणजोबाच्या मांडीवर देऊन पणजोबाच्या डोक्यावर सोन्याची फुलं उधळतात. फुलं मी बारामतीच्या सोनाराकडून करून आणली होती. बारशाच्या सकाळी व्याह्यांचा फोन आला, "आजोबांचं ते औषध उतरलंय ना पुरतं?"

उतरलंय, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "ते लांबच बसतील."

आबा नवं धोतर नेसून पाटावर बसलेले. मांडी सारखी करत म्हणाले, "आन की."

मी हललो नाही.

"अजून हाय व्हय रं अंगात?"

पाहुणे बघत होते. मी म्हणालो, "हाय."

"मग ऱ्हाऊ दे. पोराला नको." ते आपणहून उठले आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

पाहुणे गेल्यावर मी बाळ घेऊन मोटारीच्या खोलीकडं गेलो. "आबा, मी खोटं बोललो. कवाच गेलंय ते. घ्या."

त्यांनी हात पाठीमागं घेतले. "माझ्यासाठी आता खोटं बोलू नगं. तू शिकलेला हायस, चारचौघांत बोललास तेच खरं."

डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं, तरी ऐकेनात. "तू सांगितलं आसंल त्यास्नी," म्हणाले.

दिवाळीच्या आधी आबा गेले. तोवर पोरगं रांगायला लागलं होतं. ते उंबऱ्याकडं आलं की अंगणातले आबा काठी टेकत मागं मागं सरकायचे.