चादरीचं दुसरं टोक

धुळ्याच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी फोनवर आधीच बजावलं होतं, "मॅडम, विषय दुःखाचा आहे ना? मग शेवट तरी गोड करा." मी हो म्हटलं आणि मनातल्या मनात त्यांना चार शिव्या हासडल्या. घोडं तिथंच तर अडलं होतं. माझ्या नाचातली बाई जमिनीवरून उठतच नव्हती.

नाच माझ्याच एका वर्षाचा होता. लग्न मोडून मी जळगावला आईकडे परत आले आणि अंथरूण धरलं. आजार कसलाच नव्हता. जगायचं नव्हतं, एवढंच. पुढे सावरले, नाचाचा क्लास काढला. त्या वर्षाबद्दल आई आणि मी कधी अवाक्षर काढलं नाही. आता क्लासमधली असोद्याची एक मुलगी ते नाचत होती. पडणं तिला सुरेख जमायचं. उठताना मात्र दोन्ही हात वर, चेहरा उजेडाकडे, अगदी टूथपेस्टची जाहिरात! मी तिच्यावर खेकसायचे आणि घरी येऊन रडायचे. मी स्वतः कशी उठले होते, हेच मला आठवत नव्हतं.

एकदा गच्चीवर आईबरोबर चादर पिळताना ते आठवलं. मी आपणहून उठलेच नव्हते. आईचं माहेर धुळ्याकडचं, बोली अजून तिकडचीच. रोज सकाळी ती खोलीच्या दारात यायची, ओल्या चादरीचं टोक माझ्या अंगावर टाकायची आणि म्हणायची, "माले एकलीले जमत नही, धर."

मग तसंच बसवलं. दुसरी मुलगी टोक टाकते, पडलेली ते धरते आणि पीळ बसत जातो तशी त्या ताणानं उभी राहते. धुळ्यात भरपूर टाळ्या पडल्या. अध्यक्षबाई डोळे पुसत होत्या. मी प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे बघत होते. तिनं टाळी वाजवली नाही. घरातलं चव्हाट्यावर मांडलं म्हणून ती दुखावली, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. पारोळा गेल्यावर बोलली, "तुन्ही पोर लगेच धरस."

"मग?"

"तू कोठे धरे? कितला दिन चादर खालेच पडे."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पण रोज धुवायला इतक्या चादरी मळायच्या कशा?"

"मयेल कोठे व्हत्यात? बठ्ठ्या धुयेलच व्हत्यात." तिनं पदरानं नाक पुसलं. "आज तरी धरस का, माले तितलंच देखनं व्हतं."

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी त्या मुलीला सांगितलं, टोक लगेच धरू नकोस, पडू दे.

"किती वेळा, मॅडम?" तिनं विचारलं.

ते फक्त आईला माहीत होतं, आणि तिला विचारायची माझी छाती झाली नाही.